गंधक, लिथियम आणि स्वयंपाकघरातली प्रयोगशाळा

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचं नाव जितकं लांब, तितके एक्स्टर्नलचे प्रश्न कमी, असा आपल्या होस्टेलवर एक समज आहे. आमच्या ग्रुपचं नाव मराठीत सांगायचं तर असं : लिथियम बॅटरीच्या कॅथोडसाठी गंधकयुक्त पॉलिमर. सरांनी सांगितलं, आधी लायब्ररीत बसा, लिटरेचर सर्व्हे करा, मगच लॅबमध्ये पाय ठेवा. बसलो. वाचता वाचता एक गंमत लक्षात आली. या ओळीतले शब्द चार दिशांनी आल्यासारखे वाटतात, पण त्यातले तीन एकाच माणसाच्या टेबलावरून गेलेले आहेत. लिथियमला नाव मिळालं त्याच्या प्रयोगशाळेत. पॉलिमर हा शब्द त्याने १८३३ साली बनवला. गंधकाच्या अणूचं वजन त्याने मोजलं आणि गंधकाला ‘एस’ हे अक्षरही त्यानेच दिलं. राहिला कॅथोड. तो शब्द फॅरेडेचा, १८३४ सालचा. आणि फॅरेडेचं नि या माणसाचं नेमकं विजेच्याच बाबतीत पटलं नाही.

माणसाचं नाव यॉन्स याकोब बर्झेलियस. आपल्याला तो भेटतो बारावीच्या ऑरगॅनिकच्या पहिल्या पानावर. सेंद्रिय पदार्थ फक्त सजीवांच्या शरीरातच बनतात असं मानणारा, आणि मग त्याच्याच शिष्याने, व्होलरने, १८२८ साली युरिया बनवून ज्याला खोटं पाडलं तो. एका मार्काच्या ‘रिकाम्या जागा भरा’मध्ये त्याची वासलात लागते. इतक्या मोठ्या माणसाचा हा फारच स्वस्तातला सौदा झाला. म्हणून हा लेख.

जन्म २० ऑगस्ट १७७९, दक्षिण स्वीडनमधल्या वेवरसुंडा या खेड्यात. वडील शिक्षक. पोरगा चार वर्षांचा होता तेव्हा वडील गेले. आईने एका पाद्र्याशी दुसरं लग्न केलं, आणि मुलगा दहा वर्षांचा व्हायच्या आत तीही गेली. पुढची वर्षं नातेवाइकांच्या घरी, म्हणजे दुसऱ्याच्या ताटावर. लिंकशोपिंगच्या शाळेत शिकताना श्रीमंतांच्या पोरांच्या शिकवण्या करून त्याने खर्च भागवला. शाळेपेक्षा त्याचं लक्ष रानात : झाडं, किडे, पक्षी, आणि हातात बंदूक. त्यावरून मास्तरांशी खटके उडाले, शाळेतून काढून टाकण्यापर्यंत पाळी आली. शाळा सोडताना दाखल्यावर शेरा मिळाला तो या मुलाकडून फारशी आशा ठेवू नये अशा अर्थाचा. पोरांच्या दाखल्यावर शेरे मारणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचायला हरकत नाही.

१७९६ मध्ये तो उप्साला विद्यापीठात डॉक्टरीला गेला. पैसे संपले की शिक्षण थांबायचं, शिकवणी मिळाली की पुन्हा सुरू. केमिस्ट्रीच्या परीक्षेत तो जवळजवळ नापासच झाला होता, फिजिक्स चांगलं निघालं म्हणून तरला. लॅबमध्ये विद्यार्थ्यांना यायची परवानगी ठराविक वेळेपुरतीच असे. याला तेवढ्याने भागेना. मग त्याने लॅबच्या शिपायाला हाताशी धरलं आणि मागच्या दाराने आत शिरून प्रयोग करायला लागला. प्रोफेसरांनी एके दिवशी पकडलं, पण हाकलून न देता पुढच्या दाराने यायला सांगितलं म्हणतात. खोलीवरही त्याने आपली एक छोटी लॅब थाटलीच होती. आपल्या रेक्टरांना मात्र हा उतारा दाखवू नये.

१८०० साली इटलीत व्होल्टाने आपला पाइल जाहीर केला : जस्त, दुसरा एखादा धातू, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशी उतरंड. रसायनातून सलग वाहणारी वीज मिळायचा हा पहिला मार्ग. बातमी सगळ्या युरोपात पसरली. विशी-बाविशीतल्या बर्झेलियसने जस्ताच्या चकत्या आणि तांब्याची नाणी रचून स्वतःचा पाइल बनवला. आमच्या मोखाड्याकडे बॅटरी म्हणजे रात्री हातात धरायचा टॉर्च, आणि त्यात घालायचे ते सेल. होस्टेलला येईपर्यंत मलाही बॅटरीचा दुसरा अर्थ ठाऊक नव्हता. बर्झेलियसच्या हातातली बॅटरी ही अशी नाण्यांची चळत होती. डॉक्टरीच्या पदवीसाठी त्याने विषयही हाच घेतला : या विजेचा रोग्यांवर काय परिणाम होतो. १८०२ मध्ये प्रबंध पुरा झाला. परिणाम? जवळजवळ काहीच नाही. बहुतेक रोगी होते तसेच राहिले, आणि त्याने ते तसंच लिहून दिलं. प्रयोग फसला तरी तो जगासमोर मांडता येतो, हे तो पंचविशीच्या आतच शिकला होता. आपण व्हायवाच्या आदल्या रात्री ग्राफ सरळ करत बसतो.

डॉक्टर होऊन तो स्टॉकहोमला आला. पगार नावापुरता, कामं ढीगभर, त्यात गरिबांची डॉक्टरकीही होती. तिथे त्याला विल्हेम हिसिंगर भेटला. हिसिंगर खाणमालक, पैसेवाला, आणि खनिजांचं वेड असलेला. त्याच्याच घरात दोघांनी मोठा पाइल घेऊन क्षारांच्या द्रावणातून वीज सोडायला सुरुवात केली. १८०३ साली निष्कर्ष आले. ऑक्सिजन आणि आम्लं धन टोकाकडे धावतात, धातू आणि अल्कली ऋण टोकाकडे. आज हे आपल्याला नळाला पाणी येण्याइतकं साधं वाटतं. बर्झेलियसला त्यातून वेगळंच काही दिसलं. वीज लावल्यावर संयुगं जर अशी दोन तुकड्यांत फाटत असतील, तर मुळात ती विजेनेच जोडलेली असली पाहिजेत. एक तुकडा धन, एक ऋण. हा विचार त्याने आयुष्यभर सोडला नाही. त्याचं मोठेपण आणि त्याचा हट्ट, दोन्ही इथूनच निघतात. त्याच वर्षी दोघांनी सेरियमचा शोधही लावला.

मधली काही वर्षं पैशाच्या दृष्टीने वाईट गेली. खनिज पाण्याचा धंदा केला, व्हिनेगरच्या कारखान्यात हात घातला, दोन्ही अंगाशी आलं आणि कर्ज बरीच वर्षं फेडावं लागलं. १८०७ मध्ये तो प्रोफेसर झाला तेव्हा कुठे घर स्थिर झालं.

आता ती प्रयोगशाळा. १८२३ च्या हिवाळ्यात जर्मनीहून व्होलर त्याच्याकडे शिकायला आला. युरोपातल्या सगळ्यात नावाजलेल्या रसायनशास्त्रज्ञाची लॅब म्हणजे राजवाडाच असणार, अशी त्याची समजूत होती. आत शिरून पाहतो तर राहत्या घरातल्या दोन साध्या खोल्या. भट्टी नाही, धूर जायला हूड नाही, नळाचं पाणी नाही, गॅस नाही. दोन लांब टेबलं, बाटल्यांची कपाटं, पारा सांडू नये म्हणून केलेली सोय, फुंकनळी, आणि कोपऱ्यात भांडी धुवायला तोटी लावलेलं पिंप. शेजारीच स्वयंपाकघर. तिथल्या चुलीजवळ वाळूची कढई कायम तापलेली, म्हणजे आपली सँड बाथ. एका बाजूला जेवण शिजतंय, दुसऱ्या बाजूला क्रुसिबल.

हे सगळं सांभाळणारी बाई अॅना सुंडस्ट्रॉम. खेड्यातून स्टॉकहोमला आलेली, बर्झेलियसपेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. १८०८ च्या सुमारास ती घरकामाला लागली आणि पुढची पंचवीसहून जास्त वर्षं तिने स्वयंपाक आणि प्रयोगशाळा दोन्ही चालवलं. कुठल्या बाटलीत काय आहे, कुठल्या भांड्याला काय चालतं, काय तडकतं, हे तिला पाठ. शिष्य तिला वचकून असत. क्लोरिनचं जुनं नाव लांबलचक होतं. बर्झेलियस बरीच वर्षं ते मूलद्रव्य मानायलाच तयार नव्हता, त्यामुळे अॅनाही जुनंच नाव वापरायची. एकदा भांड्याला त्याचा वास येतोय असं ती म्हणाली, तेव्हा बर्झेलियसने तिला यापुढे क्लोरिनच म्हणायचं, तेच बरं, असं सांगितलं. व्होलर समोर उभा होता. युरोपातल्या सगळ्यात हट्टी रसायनशास्त्रज्ञाने मत बदलल्याची पहिली बातमी भांडी घासणाऱ्या बाईला मिळाली. आपल्या लॅबमधले जुने अटेंडंट डोळ्यांसमोर आणा. कुठला ओव्हन किती अंश खोटं दाखवतो हे मॅन्युअलमध्ये नसतं, ते त्यांना विचारावं लागतं. अॅना त्या जातीची होती.

बर्झेलियसचं सगळ्यात मोठं काम एका पाठ्यपुस्तकातून सुरू झालं. १८०८ साली विद्यार्थ्यांसाठी तो स्वीडिशमध्ये केमिस्ट्रीचं पुस्तक लिहायला बसला. लिहिताना त्याला दिसलं की संयुगांतल्या घटकांच्या प्रमाणाबद्दल डाल्टनसारखे लोक जे बोलतायत ते मोठं आहे, पण आकडे भरवशाचे नाहीत. मग त्याने आकडे स्वतःच काढायचे ठरवले. शिसं जाळ, त्याचं सल्फाइड कर, सल्फाइडचं सल्फेट कर, दर पायरीला वजन कर. दहा वर्षांत जवळजवळ दोन हजार संयुगांचं विश्लेषण त्याने केलं. तराजू साधा, हात पक्का. चांगला फिल्टर पेपर, रबरी नळी, स्पिरिटचा दिवा, अशा कितीतरी वस्तू त्याने लॅबच्या रोजच्या वापरात आणल्या. १८१४, १८१८ आणि १८२६ साली अणुभारांचे तक्ते निघाले. गंधकाचा त्याचा आकडा आजच्या मापात बसवला तर ३२ च्या थोडा वर येतो. आजचा आकडा ३२.०६ आहे. चुलीवरच्या वाळूत तापवलेल्या मुशीतून!

तक्त्यासाठी खुणा हव्या होत्या. डाल्टनची पद्धत म्हणजे गोल काढा, त्यात टिंब, रेघ, फुली. छापणाऱ्याचे हाल आणि लिहिणाऱ्याचेही. बर्झेलियसने १८१३-१४ मध्ये साधा उपाय सुचवला : लॅटिन नावाचं पहिलं अक्षर घ्या, दोन नावं भांडली तर दुसरं अक्षर जोडा, आणि किती अणू ते आकड्याने लिहा. आकडे तो वर लिहायचा, खाली आणले ते पुढच्यांनी. डाल्टनला हे अजिबात आवडलं नव्हतं.

इथे मला थोडं स्वतःचं बोलू द्या. मी मूळचा सूर्यमाळचा, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातला. दहावीपर्यंत आश्रमशाळेत मराठीत शिकलो. गंधक, अपरूपे, उत्प्रेरक, समघटकता हे माझे शब्द. इथे पहिल्या सेमिस्टरला सगळं इंग्रजीत कोसळलं आणि महिनाभर वर्गात कोण काय बोलतंय ते कळेना. कळत होतं ते फक्त फळ्यावरचं समीकरण. एस तो एसच, एलआय तो एलआयच, बाणाच्या अलीकडे आणि पलीकडे. मराठी माध्यमातून आलेल्या कितीतरी पोरांनी पहिलं वर्ष त्या अक्षरांना धरून काढलंय. आणि गंमत पाहा, अपरूपता, उत्प्रेरण, समघटकता या तिन्हींचे मूळ युरोपीय शब्द बर्झेलियसचेच आहेत. समघटकता १८३० च्या आसपास, उत्प्रेरण १८३५, अपरूपता १८४१. प्रोटीन हा शब्दही त्यानेच १८३८ मध्ये मुल्डरला सुचवला. म्हणजे मराठीत शिकत होतो तेव्हाही मी बर्झेलियसचेच शब्द पाठ करत होतो, फक्त दुसऱ्या कपड्यांत.

पॉलिमरबद्दल एक खुलासा. त्याच्या मनात प्लास्टिक किंवा नायलॉन नव्हतं. घटकांचं प्रमाण तेच, पण रेणू दुप्पट-चौपट मोठा, अशा पदार्थांना तो पॉलिमर म्हणायचा. हजारो दुव्यांची खरीखुरी साखळी असते हे पटायला १९२० नंतर जर्मनीत श्टाउडिंगरला भांडावं लागलं. शब्द आधी आला, वस्तू मागून.

गंधकाशी त्याचा संबंध फक्त वजनाचा नव्हता, खिशाचाही होता. ग्रिप्सहोम इथल्या सल्फ्युरिक आम्लाच्या कारखान्यात त्याची भागीदारी होती. गंधक यायचं फालुनच्या खाणीतल्या पायराइटमधून. १८१७ मध्ये शिशाच्या खोल्यांच्या तळाशी तांबूस गाळ सापडायला लागला. तापवला की मुळ्यासारखा उग्र वास. आधी त्याला आणि त्याचा मित्र गान याला ते टेल्युरियम वाटलं. बर्झेलियसने गाळ घरी नेऊन पुन्हा तपासला, तर ते नवंच मूलद्रव्य निघालं, गंधकाचा भाऊ शोभेल असं. टेल्युरियम म्हणजे पृथ्वी, म्हणून याला चंद्राचं नाव : सेलेनियम. कारखान्यातला कचरा कुणी नीट पाहिला तर काय मिळतं याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आणि त्याच १८१७ मध्ये, त्याच लॅबमध्ये, लिथियम. शोध आर्फवेडसनचा. पंचविशीचा हा तरुण बर्झेलियसकडे काम शिकत होता. त्याला स्टॉकहोमजवळच्या ऊटो बेटावरचं पेटालाइट नावाचं खनिज दिलं होतं. त्याने सिलिका मोजली, अॅल्युमिना मोजली, बेरीज केली. शंभर होईना, चारेक टक्के कमी पडत होते. आपल्यापैकी कुणी असतं तर जर्नलमध्ये प्रायोगिक त्रुटी लिहून मोकळं झालं असतं. आर्फवेडसनने पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग त्या हरवलेल्या भागाचं सल्फेट करून वजन केलं. ते सोडियमचं मानून हिशोब केला तर बेरीज शंभराच्या वर जायला लागली. म्हणजे तिथे अल्कली होती, पण सोडियमपेक्षा बरीच हलकी. माहीत असलेल्या कुठल्याही धातूत ती बसेना. सोडा आणि पोटॅश वनस्पतींच्या राखेत सापडले होते, हे दगडात सापडलं, म्हणून बर्झेलियसने ग्रीक भाषेतल्या दगडावरून त्याला नाव दिलं. १८१८ च्या सुरुवातीला पॅरिसच्या बर्थोलेला पत्र लिहून त्याने ही बातमी जगाला कळवली, आणि शोध आपल्या विद्यार्थ्याचा आहे हे स्पष्ट लिहिलं. लॅब त्याची, पद्धत त्याची, नावही त्याने ठेवलेलं, तरी शोध विद्यार्थ्याच्या नावावर. संशोधन करणाऱ्यांना यातली किंमत कळेल. लिथियम धातू म्हणून थोडासा सुटा केला तो ब्रँडने, १८२१ मध्ये, विजेच्या जोरावर. आर्फवेडसन पुढे आपली जमीन आणि कारखाने पाहण्यात रमला.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. बर्झेलियसने सगळ्या मूलद्रव्यांची एक ओळ लावली होती, सगळ्यात ऋण ते सगळ्यात धन. एका टोकाला ऑक्सिजन, त्याच्या लगेच शेजारी गंधक. दुसऱ्या टोकाला पोटॅशियम, सोडियम, लिथियम. आज आपण इलेक्ट्रोनिगेटिव्हिटीचा वेगळा तक्ता वापरतो, गंधक त्यात दुसरं नाही. पण लिथियम-गंधक बॅटरीची कल्पना या माणसाला एका वाक्यात पटली असती. ओळीच्या या टोकाचा घ्या, त्या टोकाचा घ्या, मधून तार काढा.

न पटलं असतं ते दुसरंच. गंधकाचा अणू गंधकाच्याच अणूला धरतो, हे. त्याच्या सिद्धांतात जोडी फक्त धन आणि ऋण यांची. दोन सारखे अणू एकमेकांना ढकलणारच, मग ते जोडून कसे राहतील? याच कारणासाठी अव्होगाड्रोचं १८११ सालचं म्हणणं, की ऑक्सिजनचा रेणू दोन ऑक्सिजन अणूंचा असतो, त्याने बाजूला ठेवलं. त्याचा शब्द म्हणजे कायदा असल्यामुळे बाकीच्यांनीही ठेवलं. १८६० च्या कार्ल्सरूहच्या परिषदेत कानिझारोने तो कागद पुन्हा उघडेपर्यंत अणुभारांचा गोंधळ चालू राहिला. १८३० च्या दशकात पॅरिसमध्ये द्युमाने दाखवलं की सेंद्रिय पदार्थातल्या हायड्रोजनच्या जागी क्लोरिन बसवता येतो आणि पदार्थाचा स्वभाव फारसा बदलत नाही. धनाच्या जागी ऋण! बर्झेलियस चिडला, सूत्रं वाकडीतिकडी तोडून आपला सिद्धांत वाचवत राहिला, आणि तरुण पिढी हळूहळू त्याला सोडून गेली. फॅरेडेच्या नियमाचंही तसंच. ठराविक वीज ठराविकच पदार्थ सुटा करते, हे खरं तर त्याच्या अणुभारांना मिळालेलं सगळ्यात सुंदर प्रमाणपत्र होतं. पण विजेचं प्रमाण आणि तिचा जोर या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात वेगळ्या झाल्या नाहीत, आणि त्याने तो नियम मानला नाही.

आमचं सगळं प्रोजेक्ट त्या नाकारलेल्या जोडीवर उभं आहे. साधं गंधक म्हणजे आठ अणूंची कडी. बॅटरी वापरताना लिथियम येऊन ती कडी तोडतो, तुकडे लहान लहान होत जातात, शेवटी लिथियम सल्फाइड राहतं. गंधकाच्या प्रत्येक अणूमागे दोन इलेक्ट्रॉन. फॅरेडेचा आकडा घ्या, दोनाने गुणा, बर्झेलियसच्या गंधकाच्या वजनाने भागा : एका ग्रॅमला १६७२ मिलिअँपिअर-तास. मोबाइलमध्ये वर्षानुवर्षं वापरल्या गेलेल्या कोबाल्टच्या कॅथोडकडून प्रत्यक्षात दीडशेच्या आसपास मिळतात. व्होल्टेज कमी, दोनच्या थोडं वर, तरी हिशोब गंधकाच्या बाजूने. शिवाय गंधक स्वस्त, पेट्रोल-डिझेल स्वच्छ करताना रिफायनरीत ढिगांनी निघतं.

मग १९६२ पासून पेटंट असूनही या बॅटऱ्या घरोघरी का नाहीत? कारण मधले अर्धवट तुकडे इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळतात. चहात बिस्किट जास्त वेळ धरलं की जे होतं तेच. विरघळलेला माल पलीकडे लिथियमवर जाऊन बसतो, परत येतो, पुन्हा जातो, आणि दर फेरीला क्षमता घटते. त्यात गंधकातून वीज वाहत नाही आणि सल्फाइड बनताना आकारमान ८० टक्क्यांच्या आसपास फुगतं. पॉलिमरची कल्पना इथे येते. गंधकाच्या साखळ्यांची टोकं कार्बनला पक्की बांधून टाका, म्हणजे सुटून जाणार कुठे. २००२ मध्ये चिनी संशोधकांनी पॉलिअॅक्रिलोनायट्राइल, म्हणजे स्वेटरच्या अॅक्रिलिक लोकरीचा मूळ पदार्थ, गंधकाबरोबर तापवून असा कॅथोड केला. २०१३ मध्ये अमेरिकेत अॅरिझोना विद्यापीठातल्या प्यून यांच्या गटाने उलटा रस्ता धरला. रबरात चिमूटभर गंधक घालून ते टणक करायची गुडइयरची रीत १८३९ सालची. यांनी वितळलेल्या गंधकातच थोडा सेंद्रिय पदार्थ घातला आणि बहुतांश गंधक असलेलं प्लास्टिक केलं. त्याच्या कॅथोडने शंभर फेऱ्यांनंतरही ग्रॅममागे ८०० च्या वर दिले. नुसतं गंधक १५९ अंशांपुढे तापवलं की कड्या उघडून लांब साखळ्या होतात, ते घट्ट होतं आणि रंग लालसर होतो. आम्ही ते गार पाण्यात ओतून रबरासारखं ओढूनही पाहिलं. पण काही दिवसांत पुन्हा पिवळं, ठिसूळ. साखळीची टोकं मोकळी ठेवली की गंधक आपल्या जुन्या कडीत परत जातं. अपरूपता हा शब्द सुचला तेव्हा बर्झेलियसच्या समोर गंधकाचीही उदाहरणं होती. दारात उभा होता, आत गेला नाही.

सूर्यमाळच्या नावात सूर्य आहे, पण पावसाळ्यात दिवसच्या दिवस तो दिसत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या पाड्यावर सोलर दिवे आले होते. पॅनल अजून शाबूत आहे. खालची शिशाची बॅटरी दोन पावसाळ्यांत बसली, नवी घ्यायला कुणाकडे पैसे नव्हते, आणि पोरं पुन्हा चिमणीवर अभ्यास करायला लागली. ऊन साठवायचं कशात, हा प्रश्न मला पेपर वाचून पडलेला नाही. आमची पाड्यावरची माणसं दर वर्षी नाशिककडे द्राक्षबागांत मजुरीला जातात. तिथे भुरीवर मारायची गंधकाची पिवळी भुकटी त्यांच्या कपड्यांना लागून घरी येते. तीच भुकटी उद्या पाड्यावरचा दिवा रात्रभर जाळेल का? आमच्या नाण्याएवढ्या सेलवरून एवढंच सांगता येतं की पॉलिमर केलेलं गंधक साध्या गंधकापेक्षा जास्त फेऱ्या टिकतं. बाकी बरंच शिल्लक आहे, ज्युनियर्सनी विषय पुढे न्यावा.

बर्झेलियसची शेवटची वर्षं तशी मानाची होती. १८१८ पासून तो स्वीडनच्या विज्ञान अकादमीचा सचिव होता. १८२१ पासून दर वर्षी जगभरातल्या केमिस्ट्रीचा आढावा तो एकटा लिहायचा, म्हणजे सगळ्या युरोपाचा लिटरेचर सर्व्हे. कुणाचं काम खरं, कुणाचं खोटं, हे तिथे ठरायचं, त्यामुळे शत्रूही तिथेच तयार झाले. जर्मनीचा लीबिख आधी जिवलग मित्र, नंतर उघड भांडण. डोकेदुखी आणि संधिवात त्याला कायमचे चिकटले होते. १८३५ मध्ये, ५६ व्या वर्षी, त्याने चोवीस वर्षांच्या बेटी पोपियसशी लग्न केलं, आणि राजाने त्याच दिवशी त्याला बॅरन केलं. संसार सुखाचा झाला, मूल मात्र झालं नाही. आढावा लिहिणं त्याने अगदी शेवटपर्यंत सोडलं नाही. ७ ऑगस्ट १८४८ रोजी स्टॉकहोममध्ये तो गेला.

लग्नानंतर घरात नवी मालकीण आली आणि वर्षभरात अॅना सुंडस्ट्रॉमने काम सोडलं. ती १८७१ पर्यंत जगली. त्याच्या दोन वर्षं आधी, १८६९ मध्ये, मेंडेलीव्हने मूलद्रव्यं अणुभारांच्या क्रमाने मांडली, आणि लिथियम, गंधक, सेलेनियम आपापल्या घरात जाऊन बसली.